घरात आणखी एक माणूस

२ मार्च, रविवार

जपानहून येऊन तीन आठवडे झाले, श्री अजून विमानातून उतरलेला नाही. आज चहाच्या वेळी पुन्हा तेच. गाडी मिनिटाच्या ठोक्याला येते. शाळेत मुलं स्वतः फरशी पुसतात. याची छत्री स्टेशनवर राहिली तर तासाभरात कोणीतरी आणून दिली. बारा दिवसांची टूर, बसच्या काचेतून बघितलेला देश, आणि आमचे हे त्या देशाचे वकील.

मी काय बघितलं ते कोणी विचारत नाही. क्योतोच्या स्टेशनात पंचाहत्तरीची एक बाई गुडघ्यांवर बसून संडास घासत होती. श्री म्हणाला, "बघ, डिग्निटी ऑफ लेबर." हेच पुण्यात दिसलं की म्हणतो, काय दिवस आलेत. नूडल्सच्या दुकानात दोन माणसांच्या मध्ये लाकडी फळी, शेजारच्याचं तोंड दिसू नये म्हणून. सकाळी आठ वाजता प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर सूट घातलेला एक माणूस आडवा, गळ्यात ऑफिसचं कार्ड. दारू की थकवा, कोण जाणे. लोक त्याला वळसा घालून जात होते. रांग मात्र सरळ.

पाडव्याच्या कार्यक्रमात श्री स्लाइड शो करणार. 'जपानकडून काय शिकावं'. इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष तोच, तेव्हा विषय लगेच मंजूर.

४ मार्च, मंगळवार

श्रीला पाहुणी म्हणून एक 'खरी जपानी' हवी आहे. म्हणजे आमच्या लॅबमधली हारुमी. नऊ वर्षं आम्ही शेजारी-शेजारी बसून नॉटिंगहॅमकरांचं रक्त तपासतोय. छप्पन्न वर्षांची, नवरा कीथ इंग्रज, मूलबाळ नाही. नऊ वर्षांत कधी उशिरा आली नाही, कधी पूर्ण रजा घेतली नाही, आणि स्वतःबद्दल सलग तीन वाक्यं बोलली नाही.

आज विचारलं. तिने मान जराशी कलती केली. "ते थोडं कठीण आहे." म्हणजे नाही. एवढं मला कळतं. श्रीला सांगितलं, तर म्हणतो, "थोडंच कठीण आहे ना? मग परत विचार."

८ मार्च, शनिवार

मंडळाची कमिटी आमच्याकडे. मी आत बटाटेवडे तळत होते, बाहेर राष्ट्रनिर्मिती. परांजपेकाका, हाडांचे निवृत्त डॉक्टर, ज्या विषयातलं कळत नाही त्यावर सगळ्यांत खात्रीने बोलतात. "त्यांचं मूळ काय आहे? कुटुंबसंस्था. म्हातारे आईवडील घरातच. आपल्यासारखं." काकूंनी मान डोलावली. यांचा एक मुलगा कॅनडात, एक सिंगापूरला, आणि हे दोघं इथे पाच बेडरूमच्या घरात.

वड्यांची ताटली ठेवता ठेवता मी म्हटलं, तिथे म्हातारी माणसं घरात एकटी मरतात आणि महिना-महिना कोणाला पत्ता लागत नाही. अशी घरं साफ करून देणाऱ्या वेगळ्या कंपन्या आहेत. हे आमच्या गाइडनेच सांगितलं होतं. श्री तेव्हा फोटो काढत होता.

मग काका म्हणाले, "वडे खुसखुशीत झालेत हो मेधा."

१२ मार्च, बुधवार

हारुमी येते म्हणाली. मी परत विचारलंच नव्हतं. श्रीने परस्पर तिला ईमेल केली. दोनदा बोलावल्यावर नाही म्हणता येत नाही म्हणे.

"राग आला का?"

"नाही. मला बोलावलं, मी आभारी आहे." डोळे नळ्यांवर.

कीव करावी की चिडावं. 'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द, आणि अख्ख्या देशाच्या जिभेवर येत नाही. साहेब खुर्चीतून उठेपर्यंत आपण उठायचं नाही, साहेबाने ओतली तर दारू प्यायची, दमलो म्हणायचं नाही, आणि याला बाहेरच्यांनी शिस्त म्हणून टाळ्या वाजवायच्या.

ती किमोनो घालेल का, असं श्रीने विचारायला सांगितलंय. विचारणार नाही.

१४ मार्च, शुक्रवार

हारुमी आली नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा. सबंध डिपार्टमेंटला ईमेल, पाच ओळींत तीन वेळा माफी. तिची आई, वय ८१, काल जपानला घरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात आहे.

आमच्या मॅनेजरबाई डेबी, त्यांनी उत्तरात एक हृदय पाठवलं. इंग्रजांची माया हल्ली चित्रात भागते.

दुपारी हारुमीला फोन केला. "कधी निघतेस?"

"बघू. इथे सॅम्पल्स खूप आहेत."

म्हातारी आई ऑपरेशनच्या टेबलावर आणि हिला सॅम्पल्स. कसली मुलगी ही. घरी आल्यावर श्रीला म्हटलं, आपल्याकडे असं नसतं. तो म्हणाला, "तुला जपानचं सगळं वाईटच दिसतं."

१७ मार्च, सोमवार

नीट लिहून ठेवते.

हारुमी कामावर आली. जेवायच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये दोघीच. आई कशी आहे विचारलं. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आहे. मग सँडविचचं वेष्टन सोडवता सोडवता म्हणाली, "चार दिवस झाले. तो जेवला नसेल."

"कोण?"

तिचे हात थांबले. मला वाटलं, आता सॉरी म्हणून उठेल. उठली नाही. सँडविचकडे बघत सगळं सांगितलं, डोळ्यांत पाणी नाही, आवाज रिपोर्ट वाचल्यासारखा.

तिला धाकटा भाऊ आहे. तेत्सुओ. त्रेपन्न वर्षांचा. नागोयापासून तासाभरावर त्यांचं दुमजली घर, त्यातली वरची डावीकडची खोली. चोवीस वर्षांचा असताना तो त्या खोलीत गेला. एकोणतीस वर्षं झाली. तो कॉलेजातून बाहेर पडला त्या वर्षी कंपन्यांनी भरतीच थांबवली होती. तिथे पहिल्या वर्षी चिकटला नाही तो माणूस शिळा. मग एका लहानशा कंपनीत लागला. साहेब रोज सकाळी त्याला सगळ्यांसमोर उभं करून आदल्या दिवशीच्या चुका त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यायचा. सात महिने हे चाललं. जूनमध्ये एके दुपारी तो घरी आला, बूट नीट कप्प्यात ठेवले, वर गेला.

आई तीन वेळा दाराबाहेर ट्रे ठेवते. थोड्या वेळाने रिकामा ट्रे उचलते. वडील गेले तेव्हाही तो खाली आला नाही. शेजारपाजाऱ्यांना सांगितलंय, तो ओसाकाला नोकरी करतो. आता आईने हॉस्पिटलात सांगितलं, मी एकटीच राहते.

"कीथला माहीत आहे?"

"कीथला वाटतं मी एकुलती एक."

बावीस वर्षांचं लग्न. कीथ त्या घरात दोनदा राहून आलाय, खालच्या खोलीत. वरती पावलं वाजली तर सासूने सांगितलं, उंदीर झालेत.

मी विचारलं, हिकिकोमोरी म्हणतात ना याला? हा शब्द टूरच्या गाइडकडून ऐकला होता. तिचा चेहरा आक्रसला. "तो टीव्हीवरचा शब्द आहे. दुसऱ्यांच्या मुलांसाठी." मग म्हणाली, त्यांच्याकडे सेकेन म्हणून एक शब्द आहे. म्हणजे लोक, पण एकेकटे नव्हेत, सगळे मिळून आपल्याकडे बघणारे. मी म्हटलं, आमच्याकडे 'चार लोक' म्हणतात. चार लोक काय म्हणतील.

"फक्त चार?" हारुमीने विचारलं.

ट्राममध्ये डोकं तडकलं होतं. हरवलेली छत्री तासाभरात परत करणारा देश. एक माणूस एकोणतीस वर्षं हरवलाय, पत्त्यासकट, आणि कोणी आणून देत नाही. त्या आईचा राग आला. हारुमीचा जास्त आला. संध्याकाळी फोन करून म्हटलं, तिथल्या नगरपालिकेला कळव. शेजारच्यांना कळव. कोणाला तरी.

"आईला लाज वाटेल."

"आणि तो आत मेलेला सापडला तर कमी वाटेल का?"

फोन बंद झाला. फार बोलले. अर्ध्या तासाने मेसेज आला. उद्या सकाळी सात, कार पार्क. येशील का?

१८ मार्च, मंगळवार

इथे सात म्हणजे तिकडे दुपारचे चार, ऑफिसं उघडी. मल्टिस्टोरीच्या तिसऱ्या मजल्यावर, माझ्या गाडीत. हारुमीने कोट काढला नाही. नंबर कागदावर लिहून आणला होता. तिकडून कोणीतरी उचलल्यावर ती सीटवर बसल्या बसल्या वाकायला लागली. पुन्हा पुन्हा. सीटबेल्ट छातीला काचत होता. तीन वेळा तिला दुसऱ्या खात्याकडे पाठवलं, तीन वेळा तिने पहिल्यापासून सांगितलं, तीन वेळा वाकली. फोनवर न दिसणाऱ्या माणसासमोर वाकणारी बाई बघून एरवी मला हसू आलं असतं.

संपल्यावर विचारलं, एक वाक्य सारखं म्हणत होतीस, ते काय?

"घरात आणखी एक माणूस आहे."

मग आरशात बघून केस नीट केले आणि पावणेआठला लॅबमध्ये आपल्या बाकावर हजर. रोजच्यापेक्षा एक मिनिट लवकरच.

१९ मार्च, बुधवार

जिवंत आहे.

नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्याची एक बाई गेली होती. शेजारणीकडे किल्ली निघाली. म्हणजे शेजारणीला सगळं माहीत होतं. एकोणतीस वर्षं तीसुद्धा 'तेत्सुओ ओसाकाला कसा आहे' असं विचारत होती. काय जात आहे ही. जी गोष्ट दोन्ही घरांना माहीत, ती दोघांनी एकमेकांपासून जपायची.

खाली स्वयंपाकघरात भांडी धुऊन पालथी घातलेली. तांदळाचा डबा रिकामा. त्या बाईने दाराबाहेरून हाक मारली, उत्तर नाही. तिने जेवण ठेवलं. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून कागद बाहेर आला. त्यावर एकच ओळ. आई गेली का?

पाच दिवस तो माणूस आत बसून हे समजत होता.

हारुमीने हे मला सेंट्रिफ्यूज चालू असताना सांगितलं, त्याच्या आवाजात. मशीन थांबल्यावर तिने नळ्या काढल्या. मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. ती नाही.

दोन दिवस एक गोष्ट लिहायची टाळतेय. माधवभावजी.

२३ मार्च, रविवार

लिहून टाकते. माधवभावजी म्हणजे श्रीचे मोठे भाऊ, सत्तावन्न वर्षांचे. पुण्यात सासूबाईंच्या फ्लॅटमधली मागची खोली. इंजिनीअर होते, पिंपरीला नोकरी होती. कंपनीने त्यांचं खातं बंद केलं. म्हणाले, थोडे दिवस आराम करतो. एकोणीस वर्षं झाली. आधी मुलाखतींना जायचे बंद झाले, मग लग्नकार्याला, मग जिन्यापर्यंत. सासूबाई ८४. ताट आत नेतात, ताट बाहेर आणतात. आम्ही पुण्याला जातो तेव्हा त्या खोलीच्या बाजूने जाताना आवाज आपोआप खाली येतो. एकोणीस वर्षांत मी त्यांना चार-पाच वेळा बघितलं असेल. त्यात दोनदा पाठ.

लोकांना काय सांगतो? घरूनच काम करतो तो.

दर सहा महिन्यांनी मी पुण्याला जाते, याचा केवढा तोरा. हारुमीला तोऱ्यानेच सुनावलं. जपान्यांनी निदान या प्रकाराला एक शब्द तरी शोधला. आम्ही तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

आज नेहमीप्रमाणे रविवारचा फोन. सासूबाईंचे गुडघे, गॅसचा सिलिंडर, हवा. श्रीने शेवटी विचारलं, "माधव बरा?" त्या म्हणाल्या, "आहे. वाचतोय." दर रविवारी हेच दोन शब्द. फोन ठेवल्यावर मी श्रीला विचारलं, "आईंच्या नंतर ताट कोण नेणार?"

"माधवचं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

"तो आजारी नाहीये. शांत आहे तो. पहिल्यापासून." आणि लॅपटॉप उघडला. स्लाइड क्रमांक सव्वीस, जपानी कुटुंब.

३० मार्च, रविवार. पाडवा

बाल्कनीत गुढी. इथे आजच मदर्स डे, म्हणून आमची लेक इरा युनिव्हर्सिटीतून फुलं घेऊन आली. एका दिवसात दोन सण. पहाटे घड्याळ पुढे गेलं त्यामुळे सगळेच अर्धवट झोपेत.

जेवताना मी हारुमीच्या भावाची गोष्ट सांगितली, नाव न घेता. श्रीला अजून माहीत नाही कोणाची. तो म्हणाला, अपवाद असतात. मी म्हटलं, हो, एक अपवाद पुण्यालाही आहे. इराने वर बघितलं.

"कोण?"

"माधवकाका."

"तो जिवंत आहे?" इरा म्हणाली. "मला वाटलं तो वारला. माझी आजीचं घरात तो मागची खोली आहे ना, मी लहान असताना तिथे जायची नाही, असं तुम्ही सांगितलं. मला वाटलं तो काकाची आठवण म्हणून बंद ठेवली."

मराठीच्या चुका मी नेहमी सुधारते. आज नाही.

श्री पान अर्धं टाकून उठला. गुढी उतरवायला संध्याकाळी मीच गेले.

३ एप्रिल, गुरुवार

हारुमीने कीथला सांगितलं. मी विचारलं, काय म्हणाला? "म्हणाला, म्हणजे मला मेहुणा आहे तर. मग त्याने चहा केला." मग थोड्या वेळाने त्याने विचारलं, ते उंदीर म्हणजे तो होता का? हारुमी हो म्हणाली. कीथ बराच वेळ बागेत जाऊन उभा राहिला.

पुढच्या मंगळवारी ती जपानला जाणार. डेबीकडे तीन आठवड्यांची रजा मागितली, माफी न मागता. डेबी गोंधळली.

मी म्हटलं, मग शनिवारच्या पाडव्याच्या कार्यक्रमाचं राहू दे, मंडळाला मी सांगते. ती म्हणाली, "नाही. येते म्हटलंय." मी कपाळाला हात लावला.

५ एप्रिल, शनिवार

शाळेचा हॉल, दीडशे माणसं, श्रीखंड-पुरी. हारुमी करड्या स्वेटरमध्ये आली, कीथ बरोबर. श्रीने तिला शाल दिली, नारळ दिला. तो नारळ तिने शेवटपर्यंत दोन्ही हातांत धरून ठेवला, कुठे ठेवायचा ते कोणी सांगितलं नाही.

श्रीच्या एक्केचाळीस स्लाइड्स. गाडी, शाळा, छत्री. लोक हरखून गेले होते. ही तीच माणसं जी कार्यक्रम सहाचा असला की पावणेसातला येतात.

मग हारुमी दोन मिनिटं बोलली. आभार, आभार, वसंत ऋतू, आभार. टाळ्या. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात परांजपेकाका उभे राहिले. प्रश्न नव्हताच, भाषण होतं. शेवटी म्हणाले, तुमच्याकडे आईवडील आणि मुलं एकत्र कशी राहतात, यातलं रहस्य आमच्या इथल्या पिढीला सांगा.

हारुमीने मान कलती केली. मला वाटलं, 'थोडं कठीण आहे' म्हणेल.

म्हणाली, "माझा भाऊ आईबरोबर राहतो. एकोणतीस वर्षं तो त्याच्या खोलीबाहेर आलेला नाही. आम्ही कोणालाच सांगितलं नाही. माझ्या नवऱ्यालाही परवाच सांगितलं. आमच्याकडे पुष्कळ घरांत असं आहे. बाहेरून घर फार स्वच्छ दिसतं." आणि वाकली. "बोलावल्याबद्दल आभारी आहे."

श्री माझ्याकडे बघत होता. पाडव्याच्या जेवणात कोणाची गोष्ट सांगितली ते त्याला आत्ता कळलं. मग त्याने माइक ओढला. "तर, प्रत्येक समाजाचे काही प्रश्न असतातच. आता मुलींचं कोळीनृत्य." गाणं लागलं. हारुमी खाली उतरून कीथशेजारी बसली, आणि कीथने तिच्या हातातला नारळ घेतला.

जेवणाच्या रांगेत परांजपेकाका माझ्या पुढे. "बिचारी. हे जपानी लोक फार आत दडपतात बघ, मग असं काहीतरी होतं. आपल्याकडे माणसांचा वावर, त्यामुळे आपल्यात हे शक्य नाही. काय?"

आणि मी म्हटलं, "हो ना काका."

हे लिहिताना हात शाईने नाही, चिखलाने भरल्यासारखा वाटतो. पंधरा दिवस मी त्या बाईला भित्री म्हणत होते, तिच्या आईला, शेजारणीला, सबंध देशाला. ती दीडशे परक्यांसमोर बोलली. मला एका म्हाताऱ्यासमोर, पुरीच्या रांगेत, एक वाक्य जमलं नाही. वर आणखी श्रीखंड वाढून घेतलं.

८ एप्रिल, मंगळवार

हारुमी गेली. तिच्या बाकावर एजन्सीची एक मुलगी आलीय, सारखी हूं हूं करत गाणी म्हणते.

घरी श्री तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलतोय. आज म्हणाला, "तिने आधी सांगायला हवं होतं. मी काकांना प्रश्न विचारू दिला नसता."

एवढंच कळलं याला त्यातून.

११ एप्रिल, शुक्रवार

हारुमीचा मेसेज. आई अजून हॉस्पिटलात. ती तीन दिवस त्या खोलीच्या दाराबाहेर जेवतेय, आपला ट्रे घेऊन. दार बंदच आहे. आज आतून आवाज आला, तू किती दिवस आहेस? तिने सांगितलं, एकोणीस. पुढे काही नाही. शेवटी लिहिलंय, मला त्याचा आवाज ओळखता आला नाही.

मी उत्तरात काय लिहावं? माझ्या नवऱ्याचा भाऊ... असं चार वेळा टाइप केलं, चार वेळा पुसलं. शेवटी एक हृदय पाठवलं. डेबी झाले.

१३ एप्रिल, रविवार

श्री दुकानात गेला होता. साडेनऊला, आमच्या नेहमीच्या वेळेआधीच, मी पुण्याला फोन लावला. तिकडे दुपारचे दोन. बऱ्याच रिंगनंतर सासूबाईंनी उचलला.

"काय गं मेधा, सगळं ठीक?"

म्हटलं, ठीक आहे. मला माधवभावजींशी बोलायचं आहे.

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. पुन्हा म्हटलं.

"तो वाचतोय."

"आई, फोन त्यांच्या दारापर्यंत न्या. नाही बोलले तर नाही."

"आता कशाला ते. श्रीला विचारलंस का?"

"नाही."

मग त्यांच्या सपाता घासत गेल्याचा आवाज. फार हळू. मध्ये दोनदा थांबल्या. दारावर टकटक. "माधव, मेधाचा फोन आहे. इंग्लंडहून." काही नाही. "मी इथे स्टुलावर ठेवते हो." सपाता परत लांब गेल्या.

पंख्याची घरघर ऐकू येत होती. मी बोलायला लागले. काय बोलले ते धड आठवत नाही. मी मेधा, मे महिन्यात येतेय, येताना काही आणू का, पुस्तकं वगैरे. एकोणीस वर्षांनी एखाद्या माणसाला विचारायचं, तर मी ड्यूटी फ्रीच्या खरेदीसारखं विचारत होते. मग बोलायचं संपलं. फोन ठेवणार, तेवढ्यात कडी वाजली.

"वहिनी." धाकट्या भावाच्या बायकोला कोण वहिनी म्हणतं? पण मला ते कधीच काही म्हणाले नव्हते, त्यामुळे चूक सुधारायचा प्रश्न नव्हता. आवाज जाड, न वापरलेला. "दुपारी फोन करत जाऊ नका. आई दोन ते चार झोपते. रात्री गुडघे दुखतात, तिला झोप लागत नाही. दुपारची तेवढीच. उठून यायला तिला त्रास होतो."

मी म्हटलं, "चुकलं माझं. कधी करू?"

"सकाळी. दहाला ती देवळात असते."

कडी पुन्हा वाजली. मी हॅलो हॅलो करत राहिले. मग सासूबाई आल्या, धापा टाकत. "बोलला का? काय म्हणाला?" मी सांगितलं, तुम्हाला दुपारी झोपू द्या म्हणाले. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पुन्हा असं करू नकोस गं. घडी बसलीय ती विस्कटते." आणि फोन ठेवला.

देवळात असते तेव्हा. म्हणजे घरात ते एकटे असतात तेव्हा. की फक्त तिला त्रास नको म्हणून? कितीदा तरी ते वाक्य फिरवून बघितलं.

श्री आल्यावर सगळं सांगितलं. पिशव्या हातात तशाच. मला वाटलं, ओरडेल. त्याने दूध फ्रीजमध्ये ठेवलं, ब्रेड डब्यात, पिशव्या घडी करून खणात. मग विचारलं, "आवाज कसा आहे त्याचा?"

म्हटलं, तुझ्यासारखाच. जरा जाड.

तिकडचे दहा म्हणजे इथले पहाटेचे साडेपाच. उद्या आठची शिफ्ट आहे. गजर लावलाय, पण उचलतील का, आणि उचलला तर मी काय बोलणार, काही ठरलेलं नाही. श्री आत्ता दारात येऊन उभा होता. म्हणाला, "उद्या उठशील तेव्हा मला हाक मारू नकोस." जिन्याच्या दोन पायऱ्या चढला. थांबला. "किंवा मार."